एकरभर हिरवळीचा बंदोबस्त

ज्याने उभी हयात महसूल खात्यात काढली, त्याला छापील कलम दिसले की ते वाचता वाचताच त्याच्यामागचे प्रकरण दिसू लागते. अमुक खातेदाराने तमुक मुदतीत अर्ज न केल्यास त्याचा हक्क जाईल, असा मजकूर एखाद्या नियमात आढळला, तर कोणीतरी ती मुदत चुकवली होती, त्यावरून तंटा उद्भवला होता, तो तंटा अव्वल कारकुनाच्या मेजावरून चढत चढत आयुक्तांच्या कचेरीपर्यंत पोहोचला होता आणि तसे पुन्हा घडू नये म्हणून कोणा त्रासलेल्या अंमलदाराने ते कलम तेथे घातले होते, हे आम्हां मंडळींना कोणी सांगावे लागत नाही. कायदे कल्पनेतून क्वचितच उपजतात. बहुतेकांच्या मुळाशी एखादा पंचनामा असतो. वाचनाची ही खोड निवृत्तीबरोबर सुटेल असे वाटले होते. परंतु अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या मुलीकडे वसंत ऋतूच्या आरंभी बसून चालवायचे गवतकापणीचे एक नवे यंत्र आले, आणि त्याच्याबरोबरची जाडजूड पुस्तिका जावयांनी ‘बाबांचा वेळ जाईल’ एवढ्याच हेतूने माझ्या हाती दिली, तेव्हा ती खोड जशीच्या तशी जागी झाली.

मुलीच्या घराभोवती एक एकर जमीन आहे; आमच्या हिशेबाने चाळीस गुंठे. ह्या चाळीस गुंठ्यांत गवताखेरीज काही पिकत नाही, जे पिकते ते कोणी खात नाही आणि तरीही एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते दर आठवड्याला कापावे लागते, ही वस्तुस्थिती सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात नोंदवावी, ह्याचा मी बराच वेळ मनाशी विचार केला. पण तिकडच्या लोकांना त्यात विनोद दिसत नाही. कित्येक गावांत गवत ठरावीक उंचीच्या वर गेले की घरमालकाला रीतसर नोटीस येते. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही हजारो सारख्या घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा हिरवळ नियमित कापण्याची अट रहिवाशांवर लेखी घातलेली होती. कुंपणाआडचे अंगण खाजगी आणि त्यातले गवत मात्र सार्वजनिक, असा हा विलक्षण मालकीहक्क आहे.

ह्या यंत्राचा मूळपुरुष इंग्रज. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडजवळच्या थ्रप गावी राहणाऱ्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने तेथील लोकरीच्या गिरण्यांत कापडावरची लव साफ कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहिले, आणि जे लोकरीला लागू ते गवताला का नसावे, असा विचार करून 1830 साली हिरवळ कातरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर हे काम लांब दांड्याचे कोयते घेतलेले मजूर पहाटेच्या दवात करीत, कारण ओले गवत कोयत्याला नीट येते. पुढे यंत्रे मोठी झाली, ती ओढायला घोडे जुंपले गेले, आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवले जाऊ लागले. साहेबाच्या हिरवळप्रेमाची पराकाष्ठा म्हणून हे बूट मला नेहमी आठवतात. नंतर वाफ आली, पेट्रोल आले, आणि बडिंगच्या कातरणाऱ्या रुळाऐवजी लोखंडी घुमटाखाली आडवे गरगरणारे पाते आले. कातर जाऊन तडाखा आला, असे म्हटले तरी चालेल. आणि सुरक्षेचा सारा प्रश्न ह्या एका फरकातून उत्पन्न झाला.

गंमत अशी, की यंत्राच्या दर्शनी रूपात ह्या तडाख्याचा मागमूसही नसतो. पुढे दोन दिवे, मध्ये वर्तुळाकार चाक, पायाशी ब्रेक, गादीची बैठक, अंगाला झळझळीत रंग. पाहणाऱ्याने त्याला धाकटी मोटारच म्हणावे. वाहन म्हणून त्याची कीर्तीही मोठी आहे. 1994 साली आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावचा अल्विन स्ट्रेट नावाचा त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, दृष्टी अधू झाल्यामुळे मोटारीचा परवाना नसताना, आजारी भावाच्या भेटीसाठी अशाच एका जुन्या यंत्रावर बसला, मागे सामानाची गाडी जोडली आणि विस्कॉन्सिनपर्यंतचा सुमारे 240 मैलांचा रस्ता त्याने ताशी पाचेक मैलांच्या गतीने काही आठवड्यांत कापला. त्यावर पुढे चित्रपटही निघाला. कथा हृद्य आहे खरी. मात्र ती ऐकून जो ह्या यंत्राला केवळ वाहन समजेल, त्याला मी थांबवून पुस्तिकेतले पात्याचे पान उघडून दाखवीन. त्या पात्याच्या टोकाची गती मिनिटाला एकोणीस हजार फुटांपर्यंत असू शकते, ही अमेरिकेतल्या मान्य दंडकाने घालून दिलेली कमाल मर्यादा. ह्याचा अर्थ ताशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. म्हणूनच त्याची धार पाहिली तर बेताचीच असते; ते धारेने कापत नाही, वेगाने तोडते. वाटेत खडा आला तर तोही त्याच्या लेखी गवतच, फक्त तो कापला न जाता बंदुकीच्या गोळीच्या आवेशाने बाहेर पडतो. आमच्या कचेरीत शस्त्रपरवान्याचे अर्ज येत, तेव्हा अर्जदाराच्या चालचलणुकीची चौकशी पोलीस पाटलापासून सुरू होई. इकडे हे शस्त्र पावतीवर सही केली की घरपोच येते. मुलीने यंत्राला हळदकुंकू वाहिले, त्या वेळी मी तिला हसत विचारले, की दसऱ्याला ह्याची पूजा वाहनांच्या रांगेत मांडणार की शस्त्रांच्या? तिने मला पुस्तिका वाचू द्यायला नको होती, असे काहीसे ती पुटपुटली.

यंत्र लाकडी चौकटीत आवळून आले होते. जावयांची अपेक्षा अशी, की चौकट उकलावी, पेट्रोल ओतावे आणि किल्ली फिरवावी. पुस्तिकेची अपेक्षा अगदी निराळी. तिच्या मते पाठवणीसाठी केलेली प्रत्येक सोय ही वापराच्या वेळी गैरसोय, किंबहुना धोका असते, आणि तो मुद्दा मला फारच पटला. टायरांत हवा मुद्दाम जास्त भरलेली असते, म्हणजे प्रवासात यंत्र हिंदकळू नये; ती आमच्या यंत्रापुरती पुढच्या चाकांत चौदा आणि मागच्यांत दहा पौंडांवर उतरवावी लागली. कापलेले गवत ज्या बाजूने बाहेर फेकले जाते, तेथे एक झडप असते. ती स्प्रिंगेच्या जोराने सदैव खाली मिटलेली राहावी आणि उडणारे खडे जमिनीकडे वळवावे, हे तिचे नेमलेले काम. पण खोक्यात जागा वाचावी म्हणून कारखाना ती वर उचलून एका पट्टीने अडकवून ठेवतो. ही पट्टी काढायचे कोणी विसरले, तर यंत्र चालते, गवत उत्तम कापले जाते, कोठे काही उणे दिसत नाही. आणि राखणदारालाच बांधून ठेवलेले असल्याचा पत्ता, शेजारच्या अंगणातील कोणाच्या तरी नडगीवर खडा बसेपर्यंत लागत नाही. पुस्तिकेत ह्या पट्टीविषयीची ताकीद काळ्या चौकटीत छापली आहे. त्या चौकटीमागची नडगी मला स्पष्ट दिसली.

बॅटरीची तार जोडतानाचा क्रम असाच सकारण. तांबडी आधी, काळी शेवटी, आणि सोडताना नेमके उलट. कारण काळी तार यंत्राच्या अंगालाच जोडलेली असते, आणि ती आधी बसवून मग तांबडीचा नट आवळताना पाना जर चुकून लोखंडाला टेकला, तर सारा प्रवाह त्या पान्यातून धावतो. पेट्रोलची गोष्ट तर मला आधी खोटीच वाटली. डबा मोटारीच्या मागच्या भागात ठेवून तेथल्या तेथे भरू नये, तो जमिनीवर उतरवून मगच भरावा, असे ते बजावतात. कारण प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या डब्यात साठलेल्या स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि एका ठिणगीने वाफ पेट घेते. गॅरेजच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब आहे, त्याखाली बारीक ज्योत अष्टौप्रहर जळते. तेव्हा टाकी भरायची ती बाहेर, यंत्र थंड असताना, आणि उरलेला डबाही त्या खोलीत ठेवायचा नाही. जावयांनी डबा मुकाट्याने अंगणातल्या शेडमध्ये हलवला.

सर्वांत निवांत आणि मला सर्वांत प्रिय वाटलेले काम पाते समतल करण्याचे. यंत्र गॅरेजच्या सपाट फरशीवर आणले, किल्ली काढून खिशात घातली, ब्रेक लावला, इंजिनाच्या स्पार्क प्लगची तार उपसून बाजूला वळवून ठेवली, म्हणजे पाते हाताने फिरवताना इंजिनाने चुकूनही श्वास घेऊ नये. मग जावई जाड चामडी हातमोजे घालून फरशीवर आडवे झाले आणि मी पट्टी धरून बसलो. पाते आधी आडवे फिरवून डावे टोक आणि उजवे टोक फरशीपासून किती उंच आहे ते मोजायचे. दोन्ही सारखी हवीत. मग ते उभे फिरवून पुढचे टोक आणि मागचे टोक मोजायचे. येथे मात्र समानता नको, पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित खाली हवे. आमच्याकडे ते पाव इंच ठेवायचे होते, म्हणजे गावाकडच्या सुताराच्या मापाने दोन सूत. एक नट अर्धा आटा फिरवावा, पुन्हा मोजावे, तो फिरवताना दुसरीकडचे माप बिघडलेले आढळावे, तो पुन्हा सैल करावा, असा हा उद्योग चालला असता बाहेर ऊन चढत होते, शेजाऱ्यांची यंत्रे घरघरू लागली होती आणि जावयांच्या चर्येवर, सुट्टीचा दिवस असा फरशीवर पडून जात असल्याची खंत हळूहळू मावळून, मोजमापातल्या निर्मळ आनंदाची कळा येत होती. भूमापनाच्या कामात मी ती कळा कित्येक नव्या मोजणीदारांच्या तोंडावर पाहिली आहे.

पुढची पाळी परीक्षेची. ह्या यंत्राच्या बैठकीखाली एक कळ असते. पाते फिरत असताना चालक उठला की ती कळ सुटते आणि इंजिन बंद पडते. पायाखालचा ब्रेक दाबल्याखेरीज आणि पात्याचा खटका बंद असल्याखेरीज ते सुरूही होत नाही. पुस्तिका सांगते, की ह्या तरतुदींवर विश्वास ठेवू नका, त्या एकेक तपासून पाहा. म्हणून जावयांनी आधी ब्रेक न दाबता किल्ली फिरवून पाहिली, मग पात्याचा खटका चालू ठेवून पाहिली. दोन्ही वेळा यंत्र गप्प राहिले. अखेर रीतसर सुरू करून, पाते फिरते करून ते गादीवरून जरासे उठले, आणि इंजिन तत्काळ विझले, पातेही चारपाच सेकंदांच्या आत थांबले. खुर्चीवर बसलेला असेतो अधिकार आणि खुर्चीवरून उठताक्षणी सारे चिडीचूप, हा अनुभव निवृत्त सरकारी माणसाला नवा नव्हे; पण तो लोखंडात इतक्या प्रामाणिकपणे उतरवलेला मी प्रथमच पाहिला. मागे चालत ढकलण्याच्या यंत्रांना तेथील सरकारने 1982 पासून, हात सुटताच तीन सेकंदांत पाते थांबले पाहिजे, अशी सक्ती केली. बसून चालवायच्या यंत्रांवर मात्र तशी सरकारी सक्ती नाही, उद्योगाने आपणहून स्वीकारलेला दंडक तेवढा आहे. मला हा भेद उमगला नाही. मोठ्या शस्त्राला सौम्य कायदा, हे कोणत्या न्यायाने?

परंतु ज्या कलमापाशी मी पुस्तिका मिटून बराच वेळ बसलो, ते मुलांविषयीचे आहे. मूल मांडीवर घेऊन यंत्र चालवू नये, हे कोणीही सांगेल. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती असे यंत्र देऊ नये, असे तेथील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. पुस्तिका ह्याच्या पुढे जाते. पाते बंद असले, तरीही मुलाला त्यावरून फेरी मारून आणू नका, असे ती बजावते आणि कारण देते ते असे: ज्या मुलाला एकदा अशी फेरी मिळाली, ते पुढल्या खेपेस यंत्राचा आवाज ऐकताच, आपल्याला पुन्हा बसवतील ह्या आशेने, न सांगता धावत येते, आणि ते बहुधा मागून येते. हे वाक्य कोणा इंजिनिअरने मेजाशी बसून सुचवलेले नाही, एवढे कळायला महसूल खात्यात नोकरी करावी लागत नाही. यंत्राने मूल भ्यावे तर ते दूर राहील. येथे प्रेमानेच त्याला पात्याच्या वाटेवर आणले होते. आमचा नातू पाच वर्षांचा आहे. त्या दिवशी सकाळपासून तो यंत्राभोवती घुटमळत होता आणि ‘आजोबा, मला एक चक्कर’ असे त्याचे टुमणे चालले होते. आणि त्याला ती चक्कर आपणच मारून आणावी, असा माझा पुस्तिका उघडण्यापूर्वीचा बेत होता. मग ठरले ते असे, की यंत्र चालू असेतो नातू घरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली. आणि त्या नजरेचा कार्यभार माझ्याकडे. त्याने त्याबद्दल माझ्याशी दिवसभर अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी अंगण फिरून दगड वेचले. ओहायोच्या ह्या भागावरून हिमयुगात हिमनद्या सरकल्या आणि वितळताना गोटे मातीत सोडून गेल्या. प्रत्येक हिवाळ्यात मातीतले पाणी गोठून फुगते आणि गोट्याला खालून थोडे वर ढकलते, म्हणून गेल्या वर्षी निर्मळ केलेल्या हिरवळीवर वसंतात नवे दगड हजर असतात. रस्त्याकडेच्या चराच्या उतारावर मात्र आम्ही घोटाळलो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक कोन छापला आहे. तो तुटक रेषेवर दुमडून डोळ्यांसमोर धरायचा, उभी कड दूरच्या एखाद्या खांबाशी जुळवायची, आणि उतार त्या दुमडीपेक्षा तीव्र दिसला, म्हणजे पंधरा अंशांहून अधिक भरला, तर तेथे यंत्र नेऊच नये. सौम्य उतारावरही खालून वर, वरून खाली असेच जावे, आडवे कधीही नाही, कारण आडवे गेलेले दोनशे किलोंचे यंत्र उलटते ते चालकाच्या अंगावरच. कागद धरून पाहिले. चर नापास झाला. तेथले गवत हाताने कापावे, असे ठरले.

एवढ्यात शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी आले. शेतकरी माणूस, हात घट्टे पडलेले, वृत्ती परोपकारी. मागे जाताना पाते फिरत असले तर हे यंत्र आपोआप बंद पडते आणि मुद्दाम किल्ली वेगळ्या खुणेवर फिरवल्याशिवाय तसे जाऊ देत नाही, ही जावयांची तक्रार ऐकून त्यांनी सहज सांगितले, की त्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, बैठकीखालच्याही टाका. माझ्या यंत्रावर पहिल्याच वर्षी टाकल्या. जावयांनी माझ्याकडे पाहिले. मी इतकेच म्हणालो, “पात्याकडे पाठ करून जायचे ते ठिकाण तरी कोणते, ते आधी पाहू.” आम्ही तिघे अंगणभर फिरलो. झाडांभोवती लाकडी भुशाची गोल आळी केली, तर मागे यावे न लागता वळसा घेता येतो. दर्शनी बाजूच्या फुलझाडांचा वाफा जरा गोलावला की तेथला अडसरही जातो. राहता राहिला तो शेड आणि मागचे कुंपण ह्यांमधला चिंचोळा कोपरा, जेथे आत गेलेल्या यंत्राला उलट आल्यावाचून गत्यंतरच नव्हते. तो कोपरा हिरवळीतून वगळावा आणि शेतीकडे वर्ग करावा, असा प्रस्ताव मी मांडला; मुलीने तो ताबडतोब मंजूर केला, कारण मेथी आणि कोथिंबीर कोठे पेरावी, ह्या विवंचनेत ती गेल्या उन्हाळ्यापासून होती. जावयांनी फावडे आणले. मेथी म्हणजे नेमके काय, आणि जी पाने इतकी कडू असतात ती खायची कशासाठी, हे शेजाऱ्यांना इंग्रजीत पटवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यापुढे ती पुस्तिका सोपी म्हणायची.